शर्मिष्ठा आकाशात कधी गेली?

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात एक वाक्य हमखास कानावर पडतं. घाटमाथ्यावरच्या एखाद्या माळावर सतरंज्या अंथरलेल्या असतात, टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळलेला असतो, आणि हिरव्या लेझरचा किरण उत्तरेकडच्या पाच ताऱ्यांवरून फिरवत एखादा उत्साही दादा सांगतो, "ही शर्मिष्ठा. आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी तिला हे नाव दिलं." मुलं माना डोलावतात. पालक जरा जास्तच डोलावतात.

शर्मिष्ठा महाभारतातली, यात वाद नाही. पण आदिपर्वात ती राजकन्या असते, मग दासी होते, मग पुरूची आई होते. तारका कुठंच होत नाही. सूर्यसिद्धान्ताच्या आठव्या अध्यायात नक्षत्रांच्या योगतारा, म्हणजे प्रत्येक नक्षत्राचा मुख्य तारा, दिल्या आहेत. त्यांच्या जोडीला अगस्त्य, मृगव्याध, अग्नी, ब्रह्महृदय, प्रजापती, अपांवत्स आणि आप अशा मोजक्या ताऱ्यांची स्थानंही आहेत. त्यात शर्मिष्ठा नाही, देवयानी नाही, ययाती नाही, वृषपर्वा नाही. ही चौघं आकाशात गेली ती इंग्रजी अमदानीत, पाश्चात्त्य खगोलशास्त्र आपल्याकडे शिकवलं जाऊ लागल्यावर. कॅसिओपिया, अँड्रोमेडा, पर्सियस आणि सेफियस हे ग्रीक तारकासमूह आपल्या लोकांना आपल्या भाषेत दाखवायची वेळ आली, तेव्हा कुणीतरी डोकं चालवलं. ते काम इतकं बेमालूम जमलं की आज त्याचं श्रेय परस्पर ऋषिमुनींच्या खात्यात जमा होतं. मला हा त्या डोकं चालवणाऱ्यांवर अन्याय वाटतो.

जुन्यांनी ही जागा मोकळी का सोडली असेल, हे समजायला फार खोलात जावं लागत नाही. त्यांचं काम चंद्राच्या वाटेवर होतं. चंद्र आज कुठल्या ताऱ्यांपाशी आहे यावरून तिथी, यज्ञ, मुहूर्त आणि महिने ठरायचे, म्हणून सत्तावीस नक्षत्रं त्या पट्ट्यात. सूर्य त्याच पट्ट्यातून सरकतो, म्हणून पावसाची नक्षत्रंही तीच. ७-८ जूनला मृग लागतो म्हणजे सूर्य मृगात शिरतो, आणि त्यामुळंच त्या दिवसांत आकाशातला मृग कुणालाही दिसत नाही. हे सांगितलं की शहरातली मंडळी चक्रावतात. शेतकऱ्याला त्याचं काही वाटत नाही, त्याला तारे बघायचे नसतात, पेरायचं असतं. उत्तरेकडं सप्तर्षी आणि ध्रुव होते, ते दिशेला आणि लग्नातल्या अरुंधतीदर्शनाला पुरेसे होते. बाकीच्या ताऱ्यांना लोकांनी आपापल्या घरातलं काही ना काही दिलं. सप्तर्षींचा चौकोन ही म्हातारीची बाज आणि मागचे तीन तारे ती पळवायला आलेले चोर, ही गोष्ट गोंडांपासून गावाकडच्या कित्येक आज्यांपर्यंत सापडते. ऋषींपेक्षा मला हे चोर जास्त आवडतात. पण ते असो.

आता मूळ ग्रीक घराणं बघा. सेफियस हा इथिओपियाचा राजा आणि कॅसिओपिया त्याची राणी. रूपाचा गर्व तिला इतका की समुद्रातल्या अप्सरांपेक्षा आपण सुंदर, असं तिनं बोलून दाखवलं. समुद्रदेव चिडला आणि त्यानं किनाऱ्यावर एक राक्षसी जलचर सोडला. तो शांत व्हायचा तर राजकन्येचा, अँड्रोमेडाचा, बळी द्यावा लागणार. तिला खडकाला साखळदंडांनी जखडलं. तेवढ्यात मेड्युसा नावाच्या सर्पकेशी राक्षसीचं मुंडकं कापून परत निघालेला पर्सियस तिथं पोचला, त्यानं जलचराला मारलं, मुलीला सोडवलं आणि तिच्याशी लग्न केलं. ही सगळी पात्रं आकाशात एकमेकांच्या शेजारी आहेत. जलचर तेवढा जरा दक्षिणेला.

नाव द्यायला बसलेल्या माणसापुढं दोन सोपे रस्ते होते. कॅसिओपिया तशीच देवनागरीत लिहायची, नाहीतर प्रत्येक आकृतीला सुटं सुटं संस्कृत नाव चिकटवायचं: एक राणी, एक राजा, एक वीर. त्यानं तिसराच रस्ता धरला. एक गर्विष्ठ बाई, तिच्यामुळं संकटात सापडलेली एक मुलगी, वाटेनं जाता जाता तिला सोडवणारा आणि मग तिच्याशी लग्न करणारा राजा, आणि या सगळ्यात मान खाली घालावी लागलेला एक राजा. एवढा ऐवज असलेली गोष्ट आपल्याकडं कुठली?

आदिपर्वात ती तयार होती. असुरराजा वृषपर्व्याची मुलगी शर्मिष्ठा आणि त्याचे गुरू शुक्राचार्य यांची मुलगी देवयानी मैत्रिणींबरोबर जलक्रीडेला जातात. काठावरच्या कपड्यांची वाऱ्यानं सरमिसळ होते, घाईत शर्मिष्ठा देवयानीचं वस्त्र नेसते आणि भांडण पेटतं. तुझा बाप माझ्या बापाची स्तुती करून पोट भरतो, इथपर्यंत शर्मिष्ठेची मजल जाते आणि ती देवयानीला कोरड्या विहिरीत ढकलून निघून जाते. शिकारीला आलेला तहानलेला ययाती पाण्याच्या शोधात त्याच विहिरीत डोकावतो आणि उजवा हात धरून देवयानीला वर काढतो. हात धरलास तर आता तूच नवरा, असा तिचा बिनतोड युक्तिवाद. शुक्राचार्य राज्य सोडून निघतात, तेव्हा वृषपर्वा गयावया करतो आणि देवयानीची अट मान्य करतो: त्याची राजकन्या, हजार दासींसह, देवयानीची दासी होईल.

कॅसिओपियाच्या जागी शर्मिष्ठा, अँड्रोमेडाच्या जागी देवयानी, पर्सियसच्या जागी ययाती, सेफियसच्या जागी वृषपर्वा. नाती बदलली: आईची जागा मत्सरी मैत्रिणीनं घेतली, बाप दुसरीचा झाला. पण कोण कुणामुळं अडचणीत आलं आणि कुणी कुणाला बाहेर काढलं, हा सगळा ताण जसाच्या तसा राहिला. भाषांतर करणाऱ्याला जिथं शब्द दिसतो, तिथं या माणसाला संबंध दिसले. शिवाय गोष्ट पुढंही चालू राहते, हा वरचा नफा. ग्रीक गोष्ट लग्नापाशी येऊन सुखान्त होते. आपल्याकडं ययाती देवयानीला आणतो, तिच्याबरोबर आलेल्या शर्मिष्ठेत गुंततो, शुक्राचार्यांच्या शापानं एका क्षणात म्हातारा होतो आणि मुलांपुढं तारुण्याची भीक मागतो. मराठी वाचकाला हा भाग सांगायला नको.

जिथं जुळत नाही तिथं मात्र खरी गंमत आहे. ग्रीकांनी कॅसिओपियाला शिक्षा दिली ती अशी की, खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत तिनं ध्रुवाभोवती कायम फिरत राहायचं. त्यामुळं अर्धा वेळ डोकं खाली, पाय वर. अथेन्सवरून बघितलं तर हे शब्दशः खरं दिसतं. तिथं ध्रुव क्षितिजापासून ३८ अंश वर असतो आणि कॅसिओपिया कधी मावळतच नाही. पुण्याहून ध्रुव जेमतेम साडेअठरा अंशांवर. आपल्याकडं शर्मिष्ठा रोज रीतसर उगवते आणि रीतसर मावळते. क्षितिजाखालचा तिचा सात-आठ तासांचा वेळ तिचा तिला. पुस्तकांत लिहिलेलं असतं, "इंग्रजी एम किंवा डब्ल्यूसारखी आकृती." डिसेंबरात संध्याकाळी आठ-साडेआठला उत्तरेकडं तोंड करून उभं राहिलं तर एम छान दिसतो. डब्ल्यू मात्र उगवता-मावळताना कलंडलेला तेवढा मिळतो. सरळ उभा डब्ल्यू बघायचा तर ती ध्रुवाच्या बरोबर खाली यायला हवी, आणि त्या वेळी महाराष्ट्रातून ती क्षितिजाखाली असते. युरोपातल्या पुस्तकातलं वर्णन आपण जसंच्या तसं उचललं त्याची ही खूण. नाव बदलताना एवढी मेहनत घेतली आणि आकृतीच्या वर्णनाकडं कुणी बघितलंच नाही!

दुसरी अडचण मेड्युसाच्या मुंडक्याची. पर्सियसच्या हातातल्या त्या मुंडक्यात एक तारा आहे, अरबांनी त्याला राक्षसाचं डोकं म्हटलं, त्यावरून अल्गॉल. ययातीच्या हातात मुंडकं द्यायला जागाच नाही. तो काही कुणाला मारून आला नव्हता. आपल्याकडं या ताऱ्याला मायावती म्हणतात आणि हे नाव नुसत्या डोळ्यांनी पारखून घेता येतं. दर २ दिवस २१ तासांनी (नेमकं सांगायचं तर अकरा मिनिटं कमी) हा तारा मंदावत जातो, त्याचं तेज जवळजवळ एकतृतीयांश उरतं आणि मग तो पुन्हा पूर्ववत होतो. उतरण्या-चढण्याचा सगळा खेळ साधारण दहा तासांचा. शेजारच्या देवयानीतल्या ताऱ्यांशी त्याची तुलना करत बसलं तर फरक सहज कळतो. म्हातारा होऊन पुन्हा तरुण होणारा तारा ययातीतच असावा, हा योगायोग मला तरी सोडवत नाही.

हा तारा असा का वागतो, हे ज्यानं सांगितलं त्याची गोष्ट इथंच सांगायला हवी. जॉन गुडरिक. जन्म १७६४, लहानपणीच पूर्ण बहिरा झालेला. यॉर्क गावात घराच्या खिडकीतून तो आकाश बघायचा. शेजारचा एडवर्ड पिगट त्याचा जोडीदार. १७८२-८३च्या हिवाळ्यात अठरा वर्षांच्या या मुलानं मायावतीच्या मंदावण्याचा काळ मोजला आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं की या ताऱ्याभोवती दुसरं काहीतरी काळोखं, मोठं फिरत असावं आणि ते आड येत असावं. जोडीतला एक तारा दुसऱ्याला झाकतो हे पुढं शंभरेक वर्षांनी वर्णपटावरून सिद्ध झालं. सोसायटीनं त्याला कोप्ली पदक दिलं. पुढच्याच वर्षी, १७८४ मध्ये, त्यानं सेफियसमधला, म्हणजे आपल्या वृषपर्व्यातला, डेल्टा तारा पकडला. तोही कमीजास्त होतो, साधारण ५ दिवस ९ तासांनी, पण वेगळ्या ढंगानं: झपाट्यानं उजळतो, रेंगाळत मंदावतो. इथं कुणी कुणाच्या आड येत नाही, तारा स्वतःच फुगतो आणि आक्रसतो. एप्रिल १७८६ मध्ये गुडरिकला रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं आणि चारच दिवसांत तो गेला. वय २१. ययातीच्या ताऱ्याचा उलगडा करणाऱ्याच्या वाट्याला उसनं सोडाच, स्वतःचं तारुण्यही पुरतं आलं नाही.

त्या डेल्टा ताऱ्याच्या जातीचे तारे पुढं फार कामाला आले. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये दाखवून दिलं की असा तारा जितका सावकाश धडधडतो तितका तो मुळात तेजस्वी. म्हणजे काळ मोजला की खरं तेज कळतं, आणि दिसणाऱ्या तेजाशी त्याचा हिशेब मांडला की अंतर कळतं. १९२३ मध्ये एडविन हबल यांना देवयानीतल्या धुरकट ठिपक्यात याच जातीचा एक तारा सापडला आणि तो ठिपका आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेरची दुसरी दीर्घिका असल्याचं नक्की झालं. आज तिचं अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं मानतात. मराठीत सांगायचं तर वृषपर्व्याच्या नात्यातल्या ताऱ्यांनी देवयानीची दूरी मोजली. जिच्यापुढं त्याला वाकावं लागलं तिचीच! नाव देणाऱ्याला हे कुठून माहीत असणार? पण गोष्ट नीट निवडली की ती अशी पुढं आपोआप फळत राहते.

देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते, हे अनेकांना पटत नाही. अमावास्येच्या आसपास, गावाच्या दिव्यांपासून लांब, नोव्हेंबर-डिसेंबरात ती जवळजवळ डोक्यावर असते. तिच्याकडं रोखून बघू नका. नजर किंचित बाजूला ठेवा. डोळ्याच्या कडेनं अंधारातलं जास्त दिसतं. काचेवर बोट फिरवून उरलेल्या वाफेइतका एक पुसट डाग दिसेल. अल-सूफी या इराणी खगोलज्ञानं दहाव्या शतकात त्याची 'लहानसा ढग' अशी नोंद करून ठेवली आहे. दादानं हे दाखवलं की पहिला प्रश्न हमखास येतो: "एवढंच?" हो, एवढंच. फोटोतले रंग कॅमेऱ्याचे असतात.

याच टाकसाळीतली बाकीची नाणी सारखी खणखणीत नाहीत. हेवेलियस या पोलंडातल्या खगोलज्ञाच्या १६९०च्या नकाशात सप्तर्षींच्या शेपटीखाली दोन शिकारी कुत्री आली. त्यांना आपल्याकडं शामशबल म्हणतात, यमाची दोन कुत्री, एक काळं आणि एक ठिपक्याठिपक्यांचं. याहून चांगलं नाव सुचणं कठीण. जवळच्याच कोमा बेरेनायसेसचं झालं अरुंधती केश. बेरेनायकी ही इजिप्तची राणी. नवरा लढाईवरून सुखरूप परतावा म्हणून तिनं केस देवळात वाहिले, ते गायब झाले, आणि कोनॉन नावाच्या दरबारी ज्योतिषानं वेळ मारून नेली, की ते देवांनी आकाशात नेले. इ.स.पू. २४५च्या सुमाराची ही खुशामत आजतागायत टिकून आहे. आपल्याकडं पतिव्रता म्हटली की अरुंधती, हे ठीक. पण तिनं केस कधी उतरवले हे कुठल्या पुराणात आहे? पेगाससचं महाश्व करताना तर बिचाऱ्याचे पंखच छाटले. समुद्रमंथनातला उच्चैःश्रवा हाताशी असताना 'मोठा घोडा' म्हणून भागवणं हा चक्क आळस.

एरिडॅनस नदीची यमुना झाली, तिथं मात्र दाद द्यावी लागते. ग्रीक गोष्टीत सूर्याचा रथ न आवरलेला त्याचा मुलगा फेथॉन या नदीत कोसळतो. यमुना तर सूर्याचीच मुलगी. या नदीच्या टोकाच्या ताऱ्याचं अरबी नाव 'आखिर अन्-नह्र', नदीचं शेवट. त्यावरून इंग्रजीत अकर्नार. मराठीत तो अग्रनद. उच्चार जवळचा, अर्थ जागेवर. असल्या नावावर एखादी संध्याकाळ खर्ची पडली असेल तर ती सत्कारणी लागली म्हणायची.

दोन प्रकारच्या लोकांना हा सगळा प्रकार पटत नाही. एकांना वाटतं, जगभर कॅसिओपिया चालतं तर हा वेगळा घरोबा कशाला? दुसऱ्यांना ही नावं उसन्या आकृतींवर बसवलेली आहेत हे ऐकूनच वाईट वाटतं. दुसऱ्या मंडळींना मी वराहमिहिराकडं पाठवतो. मेष, वृषभ, मिथुन ही आपल्या पत्रिकेतली मंडळी इतकी घरची झाली आहेत की त्यांचं मूळ गाव कुणी विचारत नाही. सहाव्या शतकातल्या बृहज्जातकात त्यांची दुसरी नावं दिली आहेत: क्रिय, तावुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक, कौर्प्य. ही सरळ सरळ ग्रीक: क्रिओस, टाउरोस, डिडिमॉय, लेऑन, पार्थेनॉस, झिगॉन, स्कॉर्पिओस. म्हणजे राशी आपल्याकडं आल्या तेव्हा परदेशी नावं घेऊन आल्या. काही काळ दोन्ही चालली, मग मेष-वृषभ रुळली आणि तावुरि कुणाला आठवेनासा झाला. ग्रीकांकडं तरी त्या कुठून आल्या? त्यातल्या बऱ्याचशा बाबिलोनहून. सिंह, वृषभ आणि विंचू मातीच्या विटांवर कोरलेले सापडतात, ग्रीकांच्या कितीतरी आधीचे. शर्मिष्ठेचं प्रकरण त्याच रांगेतलं, फक्त ताजं. दादानं एवढं खरं सांगावं, इतकंच माझं मागणं. 'पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी' ऐवजी 'आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या काळात कुणीतरी' म्हटलं तर काय बिघडतं?

पहिल्या मंडळींचं म्हणणं कागदोपत्री बरोबर आहे. १९२२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं ८८ तारकासमूहांची यादी पक्की केली, सगळी नावं लॅटिन. मग बेल्जियमचे यूजीन डेलपोर्ट यांनी त्यांच्या हद्दी आखल्या, त्या १९३० मध्ये छापून आल्या. तलाठ्याला हेवा वाटावा अशी ती मोजणी: सगळ्या रेषा उभ्या-आडव्या, एकही तिरकी नाही. महाश्वाच्या चौकोनातला ईशान्येचा कोपरा या वाटणीत कायमचा देवयानीकडं गेला. आधी तो तारा दोघांचाही धरायचे. आपल्या उत्तराभाद्रपदेतला एक तारा त्यामुळं एका सातबाऱ्यावर आणि दुसरा दुसऱ्यावर. नक्षत्राला त्यानं काही फरक पडला नाही. आणि एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: संघटनेनं ठरवल्या त्या हद्दी आणि नावं. आतल्या ताऱ्यांना कशा रेषा जोडायच्या आणि त्यात कुणाला बघायचं, यावर तिचा काहीच हुकूम नाही.

अधिकृत नाव मिळालं म्हणजे नाव जगलं असंही नसतं. लाकाय नावाचा फ्रेंच खगोलज्ञ १७५१ मध्ये केप ऑफ गुड होपला गेला आणि वर्षभरात त्यानं दक्षिणेकडचे जवळजवळ दहा हजार तारे मोजले, तेही अर्ध्या इंचाच्या भिंगानं. अचाट काम. रिकाम्या जागांत त्यानं चौदा नवे समूह बसवले आणि त्यांना आपल्या काळातली अवजारं वाटली: दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, भट्टी, घड्याळ, हवेचा पंप, शिल्पकाराची कार्यशाळा. एक मात्र डोंगर, केपटाऊनचा टेबल माउंटन. सगळी नावं त्या ८८ मध्ये आहेत. त्यातली भट्टी आणि शिल्पकार आपल्याकडून हिवाळ्यात चांगले वर येतात, पण त्यांच्याकडं लेझर वळवलेला मी कधी बघितला नाही. तिथं ठळक तारा नाही हे एक कारण. दुसरं असं की हवेच्या पंपाची गोष्ट काय सांगणार?

त्रिशंकूचं तसं नाही. युरोपातल्या खलाशांना ज्यात क्रूस दिसला, त्या चार ताऱ्यांना आपल्याकडं विश्वामित्राच्या हट्टापायी दक्षिणेच्या आकाशात खाली डोकं वर पाय लटकून राहिलेला राजा भेटला. महाराष्ट्रातून ते वर येतात तेही तसेच, ना धड जमिनीवर ना धड आकाशात. मेच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमाराला बरोबर दक्षिणेला बघा. खालचा ठळक तारा पुण्याहून जेमतेम आठ अंशांवर असतो, हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षाही थोडा कमी. गोव्यात आणि तळकोकणात आणखी तीन अंश मिळतात. दक्षिणेला मोकळा समुद्र असलेला किनारा मात्र शोधावा लागतो, कारण आपले बहुतेक किनारे पश्चिमेला तोंड करून आहेत आणि दक्षिणेला नेमका एखादा डोंगर नाहीतर हॉटेलचा फ्लडलाइट आडवा येतो.